शेवटच्या ताटापर्यंत

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे पुरवणी. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की वरून जोडून घेतात ना, ती पुरवणी. कापणी खात्यातल्या कुणा टवाळाने हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की फिरत फिरत तिच्याही कानावर गेलं. ती चिडली नाही, गालातल्या गालात हसली. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. आयुष्यभर चुलीपुढे राबणाऱ्या बाईला कोण कधी पदवी देतं? ही मिळाली तर ती मिरवत होती.

तिचं काम दुपारचं जेवण रांधायचं. कँटीन म्हणजे शिलाईच्या हॉलमागची पत्र्याची लांबट खोली. पुढच्या भागात बाकं, मधे वाढायचं आडवं टेबल, टेबलामागे मळका पडदा आणि पडद्यामागे शेगड्या. भात, डाळ, एक भाजी आणि पाव, रोज तेच. पण ते कमी पडलं असं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. सामान कितीही येवो, माणसं कितीही येवोत, रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या ताटातही डाळ पडायचीच.

पुरवणं ही कलाच आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही. शिळे पाव ती शेगडीच्या कडेला कडकडीत वाळवायची आणि कुटून त्यांचा भुगा डब्यात भरून ठेवायची. डाळ ओसरायला लागली की किटलीतलं उकळतं पाणी, वर मूठभर भुगा, चार वेळा ढवळणं, की डाळ पुन्हा जागच्या जागी. भाताचं निथळलेलं पाणी मोरीत ओतणं तिला पाप वाटायचं, ते भाजीत जायचं. कोबीचा दांडा ती इतका बारीक चिरायची की खाणाऱ्याला वाटावं, आज कोबी सढळ हाताने घातलाय. बटाटा सालासकट. कांदा मात्र करपायच्या अगदी अलीकडे आणून सोडायचा, कारण तसा कांदा असला की जिभेला दुसऱ्या कशाची उणीव कळत नाही. तेल सगळ्यात शेवटी, वरून, ताटात चमकेल एवढंच. आणि मीठ जरासं चढं, म्हणजे माणूस पाणी पितो आणि पाण्याने पोट भरतं. ही मिठाची गोष्ट ती कुणाला सांगत नसे.

हे सगळं तिला भुकेने शिकवलं होतं. तिच्या माहेरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि वाढणारी एक काकू. काकू आधी पुरुषांना वाढायची, मग मुलग्यांना, मग पोरींना, आणि पोरींमध्ये ही सगळ्यात धाकटी. पातेलं हिच्या ताटापाशी येईपर्यंत डाव तळाला लागलेला असायचा. खर्र. काकू काही वाईट बाई नव्हती. “संपलं गं बाई,” ती म्हणायची, “पाव पाण्यात बुडवून खा.” पण डाव तळाला घासल्याचा तो आवाज हिच्या कानात जो बसला तो बसलाच. पुढे डाव हिच्या हातात आला तेव्हा हिने मनाशी गाठ मारली, की माझ्या पातेल्यातून हा आवाज कुणाला ऐकू येता कामा नये.

नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, ती एका खोलीत पुरवून पुरवून वाढवली. मुलगीही पुढे त्याच कारखान्यात बटणं लावायला लागली. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर. मनात आलं की घरी येणार, मनात आलं की पैसे पाठवणार, आणि त्याच्या मनात तसं फारसं काही येत नसे. त्यामुळे मुलगी आईकडेच राहायची. या गोष्टीच्या वेळी तिला दिवस गेले होते आणि पोट चांगलं दिसायला लागलं होतं. रात्रीचं जेवण घरी जेमतेम व्हायचं. तिची सगळी भिस्त दुपारच्या ताटावर होती.

आता ठेकेदाराकडे वळू. कँटीन चालवणारा हा माणूस फार गोड. आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं. एके दिवशी तो पडदा बाजूला करून आत आला आणि अगदी अजीजीने म्हणाला, “मावशी, आज डाळ जरा कमी आलीये. गोदामातच माल नाही हो. आजचा दिवस भागवून न्याल का? तुमच्या हाताला काय अवघड आहे!”

मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढली. भागवून नेलं, आणि असं नेलं की कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी डाळ तेवढीच कमी आली. तिसऱ्या दिवशीही. मग तेवढीच यायला लागली आणि ते कमी आहे हे म्हणायचंही कुणाला कारण उरलं नाही. पुढे बटाटे घटले, मग तेल. दर वेळी ठेकेदार तसाच यायचा, तसंच गोड बोलायचा, आणि दर वेळी ती भागवून न्यायची. कंपनी त्याला ताटामागे पैसे मोजत होती, म्हणजे पातेल्यात जितकं पाणी जास्त तितका त्याचा खिसा जड. हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण संध्याकाळी रिकामं पातेलं उपडं घालताना, आज इतक्याशा सामानात सगळे जेवले, या विचाराने तिला जो आनंद व्हायचा, त्यापुढे तिला हे कळणं नकोसं व्हायचं.

मग शिलाईच्या हॉलमध्ये बायका चक्कर येऊन पडायला लागल्या. आधी एक पडली, मग दुसरी, मग एक चांगली धट्टीकट्टी बाई इस्त्रीच्या टेबलापाशी बसकण मारून रडायला लागली. कंपनीच्या डॉक्टरने विचारलं, “जेवता का नीट?” त्या म्हणाल्या, “हो, पोटभर जेवतो.” खोटं नव्हतं ते. पोटं रोज भरतच होती.

काय चाललंय ते आधी ओळखलं कातरवहिनीने. ही कापणी खात्यातली उंच, जाड आवाजाची बाई. हातात कायम भलीमोठी कातर, म्हणून कातरवहिनी. तिने मुकादमापासून थेट मोठ्या ऑफिसापर्यंत कुणाला म्हणून स्वस्थ बसू दिलं नाही. शेवटी ऑफिसातून निरोप आला, की एक मॅडम येऊन स्वतः जेवण बघतील. रोज येतं तेवढंच सामान यायचं. त्यात सगळ्यांचं जेवण भागलं नाही, तर ठेकेदाराला पूर्वीएवढं सामान द्यावंच लागेल. भागलं, तर तक्रार खोटी आणि विषय बंद.

आदल्या दिवशी कारखाना सुटल्यावर कातरवहिनी मावशीच्या खोलीवर आली. बसायच्या आधीच तिने विषयाला हात घातला.

“मावशी, उद्या तुम्ही काही करायचं नाही.”

“म्हणजे? रांधायचं नाही की काय?”

“रांधायचं. पण देतील तेवढंच घालायचं. पाणी नाही, भुगा नाही, तुमची ती कसली जादू नाही. संपलं की हात वर करायचे आणि म्हणायचं, संपलं. बस्स.”

“आणि रांगेत मागे राहतील त्यांनी काय करायचं?”

“एक दिवस उपाशी राहतील. पुढे रोज जेवतील.”

मुलगी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. पाय घोट्यांपाशी सुजले होते. “आई, एवढं करशील ना?” ती म्हणाली. “मला हल्ली शिफ्ट संपायच्या आतच डोळ्यांपुढे अंधारी येते. हे पोटातलं मागत असतं गं सारखं.”

“करीन की. न करायला काय झालं? काहीच करायचं नाही हे तर सोपं काम.”

तिला खरंच तसं वाटलं होतं. त्या दोघींनी नंतर दारात उभं राहून आपसात काहीतरी ठरवलं, ते मात्र तिने ऐकलं नाही. ती रात्रीच्या भाताचे दोन वाटे करण्यात गुंतली होती.

सकाळी ठेकेदार सामान घेऊन आला तेव्हा नवा कोरा शर्ट घालून आला होता. “मावशी, आज माझी अब्रू तुमच्या हातात,” तो म्हणाला. तिने सरळ स्वयंपाक केला. डाळीत बेताचं पाणी घातलं, आणि डाळ अशी दाट झाली की तिची तिलाच ओळख पटेना. बटाटे सोलले. सालांचा ढीग बघून तिच्या जिवाची घालमेल झाली, पण तिने तो उचलून बादलीत टाकला. किटली मात्र तिने रोजच्यासारखी भरून शेगडीवर ठेवली. मॅडमना चहा लागेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. भुग्याचा डबाही फळीवर होता तिथेच राहिला.

मॅडम टेबलाच्या एका बाजूला खुर्चीवर बसल्या. स्वभावाने बऱ्या वाटत होत्या, वास घेऊन हसल्या. शेजारी ठेकेदार हात बांधून उभा. कातरवहिनी पहिल्यांदा वाढून घेऊन बाकावर जाऊन बसली होती, पण तिचं सगळं लक्ष टेबलाकडे होतं. पहिल्या बाकावरच्यांनी घास तोंडात घातला आणि एकमेकांकडे बघितलं. “मावशी, आज कुणाचं लग्नबिग्न आहे का?” एकाने ओरडून विचारलं, आणि सगळे हसले.

ती वाढत राहिली. पातेलं झपाट्याने उतरत होतं. रांगेचं शेपूट अजून दाराबाहेर होतं आणि पातेल्यात डाळ आता बोटभर उरली होती. आता होईल, ती मनात म्हणत होती, आता संपेल आणि मी हात वर करीन. उरलेले आत सरकले. माल चढवणारे दोघे-तिघे, एक झाडूवाली, आणि त्यांच्या सगळ्यांच्या मागे, एक हात पोटावर आणि एका हातात रिकामं ताट धरून, तिची मुलगी.

मुलगी कधी मागे उभी राहत नसे. तिला अवघडलेली म्हणून सगळे पुढे सोडायचे. मग मावशीला उमगलं, की दोघींनी दारात काय ठरवलं होतं. रिकामं पातेलं आणि त्याच्यापुढे पोटुशी बाई, हे मॅडमनी डोळ्यांनी बघायला हवं होतं. मुलीने आईकडे बघितलं आणि कुणाला दिसणार नाही इतपत मान हलवली. नको. काही करू नकोस.

मावशीने डाव पातेल्यात घातला आणि तो तळाला लागला. खर्र.

एवढ्या कलकलाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसेल. हिला मात्र तो ऐकू आला. समोर रिकामं ताट घेऊन उभी होती ती तिची मुलगी होती, आणि तीच स्वतःही होती, माहेरच्या घरातली, सगळ्यात धाकटी. “थांबा हं जरा,” ती म्हणाली, “मागे आहे अजून.” आणि पातेलं उचलून पडद्याआड गेली.

मागे काही नव्हतं. किटली होती. तिचे हात असे चालले की तिला विचार करायला उसंतच मिळाली नाही. उकळतं पाणी ओतलं, डब्यातला भुगा घातला, सकाळचा उरलेला काळपट कांदा, मीठ, वर चमकण्यापुरतं तेल. ढवळून बाहेर आणलं तेव्हा पातेलं वाफाळत होतं. माल चढवणाऱ्यांना वाढलं, झाडूवालीला वाढलं. मुलगी समोर आली.

“आई, नको,” ती पुटपुटली.

“घे गं. गरम आहे.”

तिने मुलीचं ताट काठोकाठ भरलं. घाईत पाणी जरा जास्तच पडलं होतं, त्यामुळे पातेल्यात उरलंही. मॅडम उठून आल्या आणि वाकून बघायला लागल्या. “शेवटच्या माणसापर्यंत मिळालं की,” त्या म्हणाल्या, “वर शिल्लक आहे.”

“पाणी आहे ते, मॅडम!” कातरवहिनी बाकावरून ताडकन उठली. “आत्ता आत जाऊन पाणी ओतून आणलंय तिने! चाखून बघा!”

मॅडमनी चाखून बघितलं. पुन्हा एक चमचा घेतला. “चव तर छान आहे,” त्या म्हणाल्या. ठेकेदाराने नम्रपणे मान खाली घातली. मावशीच्या हाताची चव जन्मात पहिल्यांदा कुणी मोठ्या माणसाने वाखाणली होती, आणि ती वाखाणली जाऊ नये म्हणून अख्खा कारखाना देव पाण्यात घालून बसला होता.

मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर बसली. तिने ते ताट भिरकावून दिलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला भूक लागली होती. तिने मान खाली घालून सगळं खाल्लं, ताट पुसून खाल्लं. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे, ते बघताना मावशीला बरं वाटलं. तेवढा वेळ तिला दुसरं काहीच सुचलं नाही.

घरी आल्यावर मुलगी अंथरुणावर पडली. मग म्हणाली, “एक दिवस उपाशी राहिले असते तर मेले असते का मी?”

“माझ्या हातून नाही झालं गं. तू ताट घेऊन समोर उभी होतीस.”

“मी रोजच उभी असते. रोज तू मला पाणी वाढतेस.”

एवढं बोलून मुलगी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

विषय बंद झाला. शिल्लक राहतंय म्हटल्यावर ठेकेदाराने सामान आणखी थोडं आटवलं, तेही हसत हसत. मोठ्या ऑफिसाची पसंतीची मोहर उमटली होती, आता त्याला कुणाच्या बापाची भीती नव्हती. एके दिवशी तो पडद्याआड आला आणि मावशीच्या पुढ्यात एक खोकं ठेवलं. आत नवीन किटली होती, चकचकीत आणि जुनीपेक्षा मोठी. “तुमच्यासाठी खास,” तो म्हणाला. तिने ती कँटीनमध्ये वापरली नाही, घरी नेली. परत देण्याचं धाडस तिच्यात नव्हतं आणि फेकून देणं तर तिच्या रक्तातच नव्हतं. पुरवणी हे नाव मात्र त्या दिवसापासून गेलं. आता कुणी तिला काही म्हणत नसे. लोक ताट पुढे करायचे, घ्यायचे आणि निघून जायचे. कातरवहिनी घरून डबा आणायला लागली.

मुलगी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. नात झाली, मांजराच्या पिलाएवढी. दवाखान्यातली नर्स फटकळ होती. “आईच्याच अंगात काही नाही, तर दूध कुठून यायचं?” ती म्हणाली. “वरचं द्या. डब्यावर लिहिलंय तेवढीच पावडर आणि तेवढंच पाणी. काही बायका डबा जास्त दिवस जावा म्हणून पाणी वाढवतात. बाळ गपगप पितं, पोट फुगतं, आणि आतून सुकत जातं. कळलं का आजी?”

“कळलं,” मावशी म्हणाली. तिला ते दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळलं होतं.

पावडरचा डबा महाग. जावयाचा पत्ता नाही. मुलगी अजून उठत-बसत नव्हती, म्हणून बाटली मावशी करायची. एका सकाळी नात रडायला लागली तशी तिने त्या नव्या किटलीत पाणी उकळून निववलं, बाटलीत मापाने ओतलं आणि डब्यात चमचा घातला. चमचा भरून वर आला. मग तिच्या हाताने तो डब्याच्या कडेवर हलकेच आपटला आणि थोडी पावडर खाली पडू दिली. दुसरा चमचाही तसाच. तिला ते जाणवलंसुद्धा नाही.

“आई.” मुलगी अंथरुणावर उठून बसली होती. “डबा ठेव खाली.”

“अगं, होतच आलंय.”

“ठेव म्हटलं ना. रोज असंच करतेस?”

मावशीने हाताकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं. “नाही गं,” ती म्हणाली, आणि मग तिलाच खात्री वाटेना. “डबा जरा जास्त दिवस जायला हवा ना. सरला तर पुढे काय?”

मुलगी भिंतीला धरून उभी राहिली, आली आणि तिने डबा आईच्या हातातून काढून घेतला. “यापुढे हिचं मी बघीन. तू हात लावायचा नाहीस.” ती हे ओरडून म्हणाली नाही, म्हणून ते जास्तच लागलं. तिने बाटली ओतून दिली. नवं पाणी घेतलं. चमचा शिगोशीग भरला, सुरीच्या पाठीने सारखा केला आणि बाटलीत रिकामा केला. पुन्हा भरायला गेली तर चमचा डब्याच्या तळाला लागला.

खर्र.

मावशीचा हात आपोआप किटलीकडे गेला. मुलीने नुसतं वर बघितलं. तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. मुलगी डबा तिरका करून कोपऱ्यातली पावडर खरवडत होती, भरला चमचा जेमतेम होत होता. पुढचा डबा कुठून आणायचा, ते दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.